पॉवर कंडिशनरने आवाज सुधारतो की समजूत?

चौथास्वर: महिन्यापूर्वी डॅक (डिजिटल गाण्याचा ॲनालॉग सिग्नल करणारा डबा) आणि ॲम्पच्या आधी पॉवर कंडिशनर, म्हणजे विजेतला कचरा गाळणारा डबा, लावला. गाणारा श्वास घेतो तोही आता ऐकू येतो, रात्री तर जास्तच. घरचे म्हणतात, पैसे मोजलेत म्हणून ऐकू येतंय. माझं म्हणणं, आडातच गढूळ तर पोहऱ्यात स्वच्छ कुठून येणार? वीज गढूळ तर आवाज गढूळ.

ओममापक: अहो, पण आड आणि पोहऱ्याच्या मध्ये चांगली गाळणी आहे त्याचं काय? ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा), मग कपॅसिटर. ५० हर्ट्झच्या विजेतून उरणारा १०० हर्ट्झचा रिपल, म्हणजे चढउतार, तिथेच बराच दबतो. पुढे चांगल्या ऑप-अँपचा (सिग्नल वाढवणाऱ्या चिपचा) पीएसआरआर, म्हणजे पुरवठ्यातला गोंगाट दाबण्याची ताकद, कमी फ्रिक्वेन्सीला १०० डीबीच्या आसपास, म्हणजे उरलेल्याचा लाखावा भाग. रात्री घर शांत असतं, म्हणून श्वास ऐकू येतो!

चौथास्वर: "कमी फ्रिक्वेन्सीला", तिथेच तर मेख आहे. वर गेलं की पीएसआरआर घसरतो. आणि चार्जर, एलईडी दिवे यांचा कचरा नेमका वरच असतो, शेकडो किलोहर्ट्झपर्यंत.

ओममापक: असतो. तुमच्या आउटपुटपर्यंत पोचतो का, ते तपासा. कुणालातरी तुमच्या नकळत कंडिशनर जोडू-काढू द्या. १६ पैकी १२ वेळा ओळखलंत तर मी गप्प बसेन. नुसत्या अंदाजाने तेवढं जमण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे.

कन्सोलकीडा: भांडा तुम्ही, पण स्टुडिओतली भुणभुण बहुतेक वेळा रिपल किंवा चार्जर-दिव्यांचा कचरा या दोन्हींतून येत नाही. मी तीन दिवस कंडिशनर बदलत बसलो होतो. शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला आणि भुणभुण गायब! ग्राउंड लूप. लॅपटॉप एका सॉकेटवर, मॉनिटर स्पीकर दुसऱ्यावर, मध्ये अनबॅलन्स्ड केबल (जिच्यात सिग्नलची परतीची वाट शील्डच असते). दोन अर्थमध्ये जरासा व्होल्टेजचा फरक पडला की केबलच्या शील्डमधून करंट वाहतो आणि सिग्नलवर चढतो. सगळं एकाच बोर्डावर घ्या, केबल बॅलन्स्ड (सिग्नलला दोन तारा, शील्ड वेगळी) वापरा, नाहीच जमलं तर सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. अर्थची पिन मात्र काढू नका. भुणभुण जाईल, मागोमाग तुम्हीही. (गिटारवाल्यांनो, सिंगल-कॉइल पिकअप चुंबकीय क्षेत्र हवेतूनच पकडतो. तुम्ही कंडिशनरच्या वाटेलाच जाऊ नका.)

चौथास्वर: ग्राउंड लूप नाही माझ्याकडे. पण एक सांगायचं राहिलं, ॲम्प आधी स्वतःच गुणगुणायचा, आता गप्प आहे. हीसुद्धा समजूतच का?

ओममापक: टोरॉइडल, म्हणजे कड्यासारखा गोल, ट्रान्सफॉर्मर आहे का? मग नाही. विजेत थोडा डीसी मिसळला की त्याचा लोखंडी कोर एका बाजूला सॅच्युरेट होतो (चुंबकत्वाने पुरता भरतो) आणि ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. तुमच्या कंडिशनरमध्ये तो डीसी अडवणारा डीसी ब्लॉकर असणार. पण तो आवाज ॲम्पच्या डब्यातून येत होता, स्पीकरमधून नव्हे.

चौथास्वर: कुठून का येईना. त्याखाली श्वास बुडत होता ना?

ओममापक: ...बुडत असेल. हा गुण तुमचा. १६ वेळांचं मात्र विसरलो नाही.