मदत हवी आहे: वडिलांना पेठच्या किल्ल्यावर (कोथळीगड) न्यायचंय

नमस्कार मंडळी,

माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. कॉलेजात असताना ते कर्जतहून एसटीने आंबिवलीला उतरून पेठच्या किल्ल्यावर गेले होते आणि रात्री भैरोबाच्या गुहेत राहिले होते. त्या गुहेतले कोरीव खांब पुन्हा एकदा बघायचे, असं ते वर्षभर म्हणताहेत. मला त्यांना न्यायचंच आहे.

अडचण गुडघ्याची. चढ ते सावकाश चढतात, उतार मात्र सोसत नाही. उतरताना दर दहा पावलांवर थांबून उजवा गुडघा दाबून धरतात.

किल्ला तसा लहान. मी दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये गेलो होतो. रान दाट, वाटेवर नुसता चिखल आणि पेठ गाव येईपर्यंत ढगांमुळे सुळका दिसलाच नाही. त्यामुळे पावसाळ्याचा विचारच नाही, डिसेंबर-जानेवारीत जाऊ. सुळक्याच्या पोटात कोरलेल्या पायऱ्याही त्यांना चढू देणार नाही. एकेक पायरी इतकी उंच आहे की मलाच हात टेकावे लागले होते. गुहेपर्यंत पोहोचलो तरी भरून पावलो.

आता विचारायचं ते असं. थंडीत आंबिवलीहून पेठपर्यंत जीप जाते का? ती गेली तर अर्ध्याहून जास्त चाल वाचेल. पेठमध्ये कुणाच्या घरी जेवणाची आणि एका रात्रीच्या मुक्कामाची सोय होईल का? म्हणजे चढ-उतार एकाच दिवशी नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेठच्या वर गुहेकडे जाणारी शेवटची चढण. पावसात तिथे पाय ठरत नव्हता. वाट सुकल्यावर ती कशी असते? मुरुमावरून पाय घसरतो का? वयस्कर माणसाला घेऊन कुणी गेलं असेल तर उतरायला किती वेळ लागला, तेही सांगा.

आंबिवलीजवळची नदीकाठची लेणी दाखवून परत आणावं, असं घरच्यांचं म्हणणं. लेणी बघूच, पण बाबांचं मन त्या गुहेत अडकलंय. लेणी बघून त्यांचं समाधान होणार नाही.

अलीकडे जाऊन आलेल्यांनी कृपया लिहा. पेठमधल्या वाटाड्यालाही सोबत घ्यायची तयारी आहे.