वाचनगटासाठी आत्महत्येच्या विषयावरची कादंबरी निवडावी का, आणि निवडली तर कोणती?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार. आमचा वाचनगट दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी एका शाळेच्या वर्गात भरतो. अलीकडच्या कथा-कादंबऱ्यांतून नैराश्य आणि आत्महत्या हे विषय कसे येतात, यावर दोन-तीन बैठका घ्याव्यात असे मनात आहे. अडचण अशी की आमच्यातील एका ताईंचा कॉलेजात शिकणारा मुलगा दीड वर्षापूर्वी आत्महत्येने गेला. त्या तेव्हापासूनही न चुकता येतात, पुस्तक पूर्ण वाचून आलेल्या असतात, पण मागच्या बाकावर बसून काहीच बोलत नाहीत. मागच्या बैठकीतल्या कथेत नायक शेवटी जीव देतो. त्यावर एका सदस्याने ‘शेवट फार प्रभावी झाला आहे’ असे म्हटले, तेव्हा त्या पुस्तकाला घातलेल्या वर्तमानपत्राच्या कव्हराची कड नखाने खरवडत राहिल्या. बैठक संपेपर्यंत ती कड पार निघाली होती. हा विषय घेणे म्हणजे त्यांच्या जखमेवर बोट ठेवणे होईल का? आणि टाळत राहिलो, तर त्यांच्या मुलाचे नावच आपण टाळतो आहोत असे त्यांना वाटणार नाही का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निपाणीचा वाचक

जेरी पिंटो यांची ‘एम अँड द बिग हूम’ ही २०१२ सालची कादंबरी मी सुचवेन. शांता गोखले यांनी ती ‘एम आणि हूमराव’ या नावाने मराठीत आणली आहे, त्यामुळे इंग्रजी वाचनाची सवय नसलेल्या सदस्यांचीही अडचण होणार नाही. माहीममधल्या लहानशा घरात आई, वडील, मुलगी आणि मुलगा राहतात. आईचा आजार, तिने जीव देण्याचे केलेले प्रयत्न आणि त्या साऱ्यासह चाललेला रोजचा संसार मुलगा सांगतो. ही आई, म्हणजे एम, बिडी ओढते. बिडीच्या तंबाखूवर ज्या गावाची चूल पेटली त्या गावात मी वाढलो असल्यामुळे असेल, ती मला कुठल्यातरी मुंबईच्या कादंबरीतली बाई न वाटता आमच्याच गल्लीतली वाटली. लेखक आजाराला एकच कारण चिकटवत नाही, हे मला मोलाचे वाटते. परीक्षेत नापास, प्रेमभंग, कर्ज असे एक कारण आणि त्यापाठोपाठ मृत्यू, अशी सरळ वजाबाकी करणाऱ्या कथा आपल्याकडे पुष्कळ लिहिल्या जातात. ज्यांच्या घरी हे घडले आहे त्यांना त्या छळतात, कारण ‘मग तेवढे एक कारण आपल्याला का दिसले नाही’ हा प्रश्न त्यांच्या वाट्याला येतो.

समुपदेशक (बेळगाव, टिळकवाडी)

वरील मताशी मी सहमत आहे. आत्महत्येचा विषय काढल्याने कोणाच्या मनात तो विचार नव्याने येतो, ही समजूत खरी नाही. मात्र तो कसा मांडला जातो याला फार महत्त्व आहे. जर्मन लेखक ग्योएटे याच्या १७७४ सालच्या कादंबरीतील नायकाचे अनुकरण तरुणांनी केल्याची चर्चा त्या काळात युरोपात झाली होती. त्याच नायकाच्या नावावरून समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्ये या अनुकरणाला ‘वेर्थर परिणाम’ हे नाव दिले. पुढे २०१० मध्ये ऑस्ट्रियातील संशोधकांनी उलट बाजूही दाखवली: मरणाच्या विचारापर्यंत पोहोचून त्यातून सावरलेल्या माणसाची हकिगत वाचणाऱ्याला आधार देऊ शकते. मोझार्टच्या संगीतिकेतील पापागेनो ऐनवेळी तीन मुलांच्या बोलण्याने मागे फिरतो, म्हणून त्यांनी त्याला ‘पापागेनो परिणाम’ म्हटले.

म्हणून निवड करताना मृत्यू येतो की नाही यापेक्षा, तो सुटका किंवा सूड म्हणून रंगवला आहे का आणि कृतीचे तपशील रेंगाळत सांगितले आहेत का, हे पाहावे. असा उतारा बैठकीत मोठ्याने वाचू नये. ताईंशी मात्र आधी, एकांतात, त्यांच्या मुलाचे नाव घेऊन बोलावे, आणि नको असेल तर त्यांनी त्या बैठकांना न येण्यात काही गैर नाही, हेही सांगावे. गटातील कोणालाही मध्येच फार जड वाटू लागले, तर १४४१६ या टेली मानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, आणि मराठीतूनही बोलता येते. प्रत्यक्ष उपचारांसाठी आपल्या भागातील अनेक कुटुंबे धारवाडच्या सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत जातात.

येळ्ळूर रस्ता

मी स्वतः या आजारातून गेलो आहे, म्हणून लिहितो. डॉक्टर माझ्याशी कन्नडमध्ये बोलत आणि ‘खिन्नते’ हा शब्द वापरत. घरी आई ‘याचं कशात मन लागत नाही’ म्हणे, आणि मराठी पुस्तकांत ‘नैराश्य’ असे. नैराश्य म्हटले की ऐकणारा लगेच विचारतो, ‘कशाची निराशा झाली?’ माझी कशाचीच निराशा झाली नव्हती. नोकरी होती, घर होते, आणि तरीही सकाळी चप्पल पायात घालणे एखादे ओझे उचलण्याइतके कठीण झाले होते. त्या काळात मी जे वाचले त्यातले बरेचसे मला खोटे वाटले, कारण त्यातली खिन्न माणसे फार सुंदर बोलतात. मला वाक्य पुरे करता येत नसे. ज्या लेखकाला ते अर्धवट वाक्य लिहिता येते, त्याचे पुस्तक घ्या.

ताई पुढे कधी तयार झाल्या, तर यीयुन ली यांची २०१९ सालची एक लहान इंग्रजी कादंबरी आहे. आत्महत्येने गेलेल्या सोळा वर्षांच्या मुलाशी आई त्यात बोलत राहते आणि तो तिच्या शब्दांच्या निवडीवरून तिच्याशी वाद घालतो. ती मात्र आत्ता नको.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काल ताईंच्या घरी जाऊन आलो. मी मुलाचे नाव घेतले तेव्हा त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग आत जाऊन त्याची पुस्तके घेऊन आल्या आणि त्यातली कोणती मी वाचली आहेत ते विचारू लागल्या. ‘एम आणि हूमराव’ घ्यायचे ठरले आहे. त्यांनी एकच अट घातली: पुस्तक कसे संपते ते त्यांना आधी सांगायचे. ते सांगता यावे म्हणून मी कालपासून पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतले आहे.