मदत हवी आहे: जिवंत यीस्टच्या इन्फ्रारेड स्पेक्ट्रममध्ये २३४३ चा पीक

नमस्कार मंडळी. पुण्यात पीएचडीचं तिसरं वर्ष. बेकरीचं यीस्ट जिवंत ठेवून ते साखर कशी पचवतंय ते एफटीआयआरवर (कुठले इन्फ्रारेड किरण किती शोषले जातात ते मोजणारं यंत्र) बघतोय. पट्ट्यांचे आणि पीकचे (शोषणाच्या टोकाचे) आकडे वेव्हनंबरमधे, म्हणजे एका सेंटीमीटरात किती लाटा बसतात ते. कॅल्शियम फ्लोराइडच्या दोन खिडक्या, मधे ६ मायक्रॉनचा स्पेसर (फट राखणारी पातळ चकती), पेशी ग्लुकोजच्या द्रावणात. याहून जाड थर घेता येत नाही, कारण पाण्याचा पट्टा १६४५ च्या आसपास आणि प्रथिनांचा अमाइड-वन हा मुख्य पट्टा १६५० ला. पाणी सगळा प्रकाश गिळून बसतं.

४ वेव्हनंबरच्या रिझोल्यूशनवर (एवढ्या अंतरावरच्या रेषा सुट्या दिसतात) बरं चाललं होतं. हाय रिझोल्यूशनच्या हौसेने ०.५ वर घेतलं, तर १४०० ते १९०० मधे नुसता कंगवा! यंत्रातली हवा हाकलायचा नायट्रोजनचा सिलिंडर संपलाय, आणि बाहेर पाषाणचा जुलैचा पाऊस. शिवाय ग्लुकोज दिल्यावर वीसेक मिनिटांत २३४३ ला एक पीक डोकं वर काढतो. खोलीतला कार्बन डायऑक्साइड समजून तो मी कापून टाकतोय. चुकतंय का काही?

प्रतिसाद १:
अहो, कापू नका! हवेतल्या वायूला ४ वर दोन कुबडं दिसतात, २३४९ च्या दोन्ही अंगांना. एकच अरुंद पीक २३४३ ला असेल तर तो वायू पाण्यात विरघळलेला आहे. यीस्टनेच सोडलेला असणार. जे शोधताय तेच कचऱ्यात टाकताय.

कंगवा म्हणजे बाष्प. वायूच्या रेषा बारीक, म्हणून ०.५ वर सुट्या होतात. द्रवातले पट्टे मुळात १०-२० रुंद, त्यांना ०.५ चा उपयोग शून्य, नॉइज तेवढा वाढतो. गुपचूप ४ वर या, आणि सिलिंडरसाठी स्टोअरमधे जाऊन बसा.

प्रतिसाद २:
उकळून मारलेल्या यीस्टवरही एक रन घ्या, त्याशिवाय कोणी मानणार नाही. आणि पाण्याच्या २१२५ च्या फुगवट्यावर लक्ष ठेवा. बुडबुडा धरला की पाणी बाजूला सरतं आणि तोही खाली येतो.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. काल रात्री मेलेल्या यीस्टवर घेतलं, २३४३ ला सपाट! जिवंतवर चाळीस मिनिटांनी पीक पडला, आणि सोबत २१२५ सुद्धा. म्हणजे बुडबुडाच. आता द्रावण वाहतं ठेवणारा सेल (नमुना धरायची डबी) हवा. पुण्यात कोणाकडे असेल तर तासभर बघायला येऊ का? खिडक्या माझ्या मी आणीन.