'काँक्रीटचा कार्बन फूटप्रिंट' : पुनर्विकासाच्या पत्रकात काय लिहावं?

मुलुंडकर : सोसायटीचा पुनर्विकास ठरलाय आणि मराठी पत्रक माझ्या गळ्यात पडलंय. त्यात 'काँक्रीटचा कार्बन फूटप्रिंट कमी करणे' असा एक मुद्दा आहे, म्हणजे काँक्रीटपायी हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड कमी करणे. 'कार्बन पदचिन्ह' लिहिलं तर आमचे काका लोक दत्ताच्या पादुका समजतील. दुसरं काही सुचतंय?

दादरची बाई : 'पाऊलखुणा' वर्तमानपत्रांत दिसतो, पण त्याला आठवणींचा वास येतो. इथे तर किलोत आकडा द्यायचाय. 'कार्बनभार'?

गिरगावचा स्ट्रक्चरलवाला : भार नको हो बाई. आमच्यात भार म्हणजे कॉलमवर येणारा लोड. 'इमारतीचा कार्बनभार घटवला' वाचून कोणीतरी विचारेल, किती मजले कापले?

प्लँटवाला : शब्द कुठलाही घ्या, आधी 'सिमेंट' आणि 'काँक्रीट' वेगळे ठेवा. आपण 'सिमेंटचा रस्ता' म्हणतो, तो असतो काँक्रीटचा. एरवी चालतं, इथे घोळ होईल. काँक्रीटमध्ये खडी आणि क्रश सँडच जास्त, सिमेंट वजनाने दहा-पंधरा टक्के. पण कार्बनचा मोठा वाटा त्याच दहा-पंधरा टक्क्यांचा. क्लिंकर, म्हणजे चुनखडी भाजून केलेले, दळल्यावर सिमेंट होणारे खडे. त्यासाठी भट्टी १४५० अंशांच्या आसपास तापवतात, त्या इंधनाचा धूर वेगळा. खुद्द चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तो निम्म्याहून जास्त असतो. भट्टी उद्या हिरव्या विजेवर चालवली तरी हा वाटा हलत नाही. म्हणून कमी करायचं ते क्लिंकर.

एम४० च्या, म्हणजे ४० मेगापास्कल ताकदीच्या, मालाला घनमीटरमागे ४०० किलो सिमेंट धरा. सगळं ओपीसी, म्हणजे काही न मिसळलेलं साधं पोर्टलँड सिमेंट, असेल तर तीनशे किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड त्यातच गेला. निम्म्या जागी जीजीबीएस, म्हणजे पोलाद कारखान्यातल्या झोतभट्टीची दळलेली मळी, घातली की हा आकडा जवळजवळ निम्मा होतो. शिवाय मुंबईच्या खाऱ्या हवेत सळई गंजवणारं क्लोराइड सळईपर्यंत पोचायला उशीर लागतो. अडचण एकच : ताकद हळू चढते. २८ ऐवजी ५६ दिवसांच्या क्यूबवर, म्हणजे ताकद तपासायच्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर, हिशोब ठेवावा लागतो. बिल्डरला शटरिंग लवकर काढायचं असतं, म्हणून तो नाक मुरडतो. आणि पाणी मारण्यात कुचराई केलीत तर सगळंच मुसळ केरात.

मुलुंडकर : आमच्याकडे एकच घोषा, 'प्युअर ५३ ग्रेड पाहिजे', म्हणजे जास्त ताकदीचं ओपीसी. औष्णिक वीजकेंद्रातली राख, मळी म्हटलं की 'भेसळ' ऐकू येतं.

दादरची बाई : भेसळ लपवून करतात. पीपीसीच्या, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटच्या, गोणीवर राखेचं प्रमाण छापलेलं असतं. 'मिश्र सिमेंट' लिहा, रूढ आहे.

प्लँटवाला : आयएस १४८९ या भारतीय मानकाप्रमाणे पीपीसीत १५ ते ३५ टक्के राख चालते. भाजलेली माती आणि चुनखडी घालून केलेल्या एलसी३ या सिमेंटलाही २०२३ पासून आपलं मानक आहे. त्यात क्लिंकर निम्म्यावर येतं.

गिरगावचा स्ट्रक्चरलवाला : एक सावधगिरी. तुमच्या ऑडिट रिपोर्टात 'कार्बोनेशन' असेलच. ते प्रकरण निराळं. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरतो, आतला अल्कधर्म घटतो, सळई गंजून फुगते आणि छताचे पोपडे पडतात. कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा, काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारं रसायन मारतात. गुलाबी झालं तर ठीक, रंग आला नाही तेवढ्या जाडीचा थर गेला. दोन्ही ठिकाणी 'कार्बन' पाहून सभासद म्हणतील, 'बघा, कार्बनमुळेच बिल्डिंग पडायला आली!'

तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर : भाड्यापोटी, व्याजापोटी म्हणतो तसं 'बांधकामापोटी होणारं कार्बन उत्सर्जन'. राहायला गेल्यावर लिफ्ट-एसीचं होतं ते 'वापरापोटी'. दोन्ही हिशोब आपोआप वेगळे पडतात.

दादरची बाई : 'पोटी' झकास. माझा 'भार' मागे घेतला असं समजा, तुम्ही गिरगावकर ऐकणार थोडेच!

मुलुंडकर : मग असं लिहितो : 'बांधकामापोटी होणारे कार्बन उत्सर्जन कमी करण्यासाठी पायापासून मिश्र सिमेंट वापरावे आणि जुन्या इमारतीचे डेब्रिज प्रक्रिया केंद्रात पाठवावे.'

प्लँटवाला : 'वापरावे'च्या पुढे 'डिझाइनरच्या संमतीने' घाला. पोस्ट-टेन्शनच्या, म्हणजे काँक्रीट घट्ट झाल्यावर आतल्या पोलादी केबल ताणायच्या, स्लॅबला त्या लवकर ताणायच्या असतात, तिथे प्रमाण वेगळं ठरतं.

दादरची बाई : आणि 'डेब्रिज' कशाला? 'राडारोडा' लिहा. पालिकाही तेच लिहिते.