तांब्या-ॲल्युमिनियमचा जोड आणि ज्योतीची दिशा
एसी किंवा फ्रिजच्या ॲल्युमिनियम कॉइलला तांब्याची नळी जिथे जोडलेली असते तिथली गळती तांब्याच्या नेहमीच्या ब्रेझिंग रॉडने (सांध्यात वितळवून भरायच्या धातूच्या कांडीने) बंद करता येईल असे काही जण सुचवतात, परंतु ते शक्य नाही. तो रॉड सुमारे ७०० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळतो, तर ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच पाणी होते. त्याहून वाईट म्हणजे तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असतील तर ५४८ अंशांपासूनच सांध्यावर द्रव मिश्रधातू तयार होऊन नळीला भोक पडू शकते. म्हणून ४०० ते ५०० अंशांच्या आसपास वितळणारा, आत फ्लक्स (ऑक्साइड काढून टाकणारे रसायन) असलेला जस्त-ॲल्युमिनियमचा रॉडच घ्यावा.

ज्योत प्रामुख्याने तांब्यावर फिरवावी, कारण ॲल्युमिनियम तापताना रंग बदलत नाही आणि अचानक खचते. रॉड ज्योतीत न धरता तापलेल्या नळीला टेकवावा. फ्लक्स पारदर्शक होऊन पसरला की मागोमाग धातू सांध्यात ओढला जातो. त्याआधी स्टेनलेस स्टीलच्या ब्रशने ऑक्साइडचा थर घासणे आणि यंत्रणेतला थंडाव्याचा गॅस पूर्ण काढून यंत्रणा उघडी ठेवणे अनिवार्य आहे.

नायट्रोजनने दाबचाचणी झाल्यावर जोडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (उष्णतेने आकसणारी) नळी चढवावी, कारण ओलावा पोहोचल्यास तांब्याशेजारचे ॲल्युमिनियम झपाट्याने गंजते.