काइट रनर: रडू आलं, पण अमीरला माफ करवत नाही

मुलुंडची_वाचक
खालिद हुसैनीची 'द काइट रनर' संपवली. २००३ चं पुस्तक आहे, बहुतेकांनी वाचलं असेल म्हणून शेवट लपवत नाहीये, ज्यांना वाचायचंय त्यांनी इथेच थांबा.

ज्यांना नीट आठवत नाही त्यांच्यासाठी, काबूलमधल्या श्रीमंत पश्तून घरातला अमीर आणि त्यांचा नोकर अली याचा मुलगा हसन, जो हजारा म्हणजे तिथे हलक्या मानल्या जाणाऱ्या जमातीचा, एकत्र वाढतात. १९७५ च्या हिवाळ्यात पतंगांच्या स्पर्धेत अमीर जिंकतो, त्याने काटलेला शेवटचा पतंग आणायला हसन धावतो आणि एका गल्लीत मोठी पोरं त्याच्यावर अत्याचार करतात. अमीर कोपऱ्यावरून बघतो आणि पळून जातो. वर नंतर स्वतःचं घड्याळ नि पैसे हसनच्या गादीखाली ठेवून त्याच्यावर चोरीचा आळ आणतो. पुढे रशियन सैन्य, अमेरिका, आणि खूप वर्षांनी तालिबानच्या काबूलमध्ये जाऊन हसनच्या पोराला, सोहराबला, सोडवून आणणं.

रडले मी, खूप रडले. पण नंतर राग आला तो अजून गेला नाहीये. बापाचा जुना मित्र रहीम खान सांगतो की सोहराब अनाथ झालाय, त्याला घेऊन ये, तेव्हा अमीर म्हणतो मीच कशाला, पैसे देऊन कोणालातरी पाठवा ना. मग कळतं की हसन त्याच्याच बापाचा मुलगा होता, सावत्र भाऊ, आणि त्यानंतर साहेब निघतात. म्हणजे रक्ताचं नातं निघालं नसतं तर हसनचं काहीच देणं लागत नव्हतं का? आपल्या सोसायट्यांमध्ये 'मावशी आमच्या घरातल्याच आहेत' म्हणतात आणि मावशींचा कप वेगळा, लिफ्ट वेगळी, त्यांचा मुलगा आपल्या मुलाशी खेळतो ते थोडं मोठं होईपर्यंतच. म्हणून मला ही कादंबरी परक्या देशातली वाटलीच नाही, आणि म्हणूनच लेखकाने काढलेली ही पळवाट जास्त लागली.

गिरगाव_गच्ची
ताई, अजिबात पटलं नाही. अमीरला माफ करा असं पुस्तक कुठे म्हणतंय? तो स्वतःच स्वतःला माफ करत नाही. डाळिंबांचा प्रसंग आठवा, अमीर हसनला डाळिंबं मारत राहतो, तूही मार म्हणून ओरडतो, आणि हसन एक डाळिंब उचलून स्वतःच्याच कपाळावर फोडतो. त्या पानावर मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, पुढे वाचवेना. अमीरला शिक्षा हवी असते आणि ती द्यायला कोणी तयार नाही, यापेक्षा वाईट काय असतं एका बारा वर्षाच्या मुलासाठी? सगळे त्याच्याकडून मोठ्या माणसाचं धैर्य मागताय.

मुलुंडची_वाचक
हसनही जवळपास तेवढाच होता ना दादा. त्याच्याकडून कोणी काय मागितलं ते बघा.

लालबागकर
संक्रांतीला आमच्याकडे गच्चीवरून उडवणारी मुलं वेगळी आणि गुल झालेल्या पतंगामागे काठीला काटेरी फांदी बांधून रस्त्यावर गाड्यांमधून धावणारी पोरं वेगळी, हे लहानपणापासून बघितलंय. फिरकी धरणाराही ठरलेला. त्यामुळे पहिल्या शंभर पानांतच कळलं होतं की यात कोणाला लागणार आहे. ताईंशी सहमत. हसन इतका चांगला आहे की तो माणूस वाटत नाही, त्याला एकदाही राग येत नाही.

परळ_टीटी
राग येत नाही कसं? गल्लीतल्या त्या पोरांचा म्होरक्या असेफ, त्याच्यावर गलोल रोखून डोळा फोडीन म्हणणारा कोण? आणि हसनला आवाजच नाही असं कोणी म्हणत असेल तर तेही चूक. रहीम खान त्याची पुढची सगळी हकीकत सांगतो, त्याचं पत्र येतं. ज्याला लहानपणी वाचता येत नव्हतं, ज्याला अमीर शाहनामा या फारसी महाकाव्यातल्या रुस्तम-सोहराबच्या गोष्टी वाचून दाखवायचा, तो मोठेपणी लिहायला शिकतो आणि मुलाचं नाव सोहराब ठेवतो. आणि सावत्र भावाचा मुद्दा अमीरसाठी नाहीच्चे, तो बापासाठी आहे. अमीरचा बाप, म्हणजे बाबा, सांगत असतो की जगात पाप एकच, चोरी, बाकी सगळी तिचीच रूपं. आणि त्यानेच हसनकडून स्वतःचा बाप कोण हे जाणायचा हक्क चोरला. कादंबरीचा कणा आहे तो, पळवाट काय म्हणता.

अंधेरी_पूर्व
माझा आक्षेप वेगळा. तो लहानपणचा असेफच नेमका तालिबानचा अधिकारी निघतो आणि सोहराब नेमका गलोलीनेच त्याचा डोळा फोडतो, हे फार फिल्मी झालं. पहिला भाग इतका खरा आणि मग हे. लेखक काबूलच्या वझीर अकबर खान वस्तीतच वाढला, वडील राजनैतिक अधिकारी, १९७६ ला कुटुंब पॅरिसला गेलं आणि १९८० मध्ये अमेरिकेत आश्रय घेतला, परत काबूलला गेला तो २००३ मध्ये, पुस्तक लिहून झाल्यावर. आठवणीतलं काबूल म्हणून जिवंत आहे, तालिबानचं तेवढं नाही. १९९८ ला मझार-ए-शरीफमध्ये हजारांची कत्तल झाली तीही पुस्तकात ओझरती येते.

परळ_टीटी
ओझरती का होईना, आली म्हणून आपल्यातल्या कितीतरी जणांना हजारा कोण हे पहिल्यांदा कळलं. मला तरी या पुस्तकातूनच कळलं.

गिरगाव_गच्ची
आणि ताई, अमेरिकेतल्या घरातलं जेवणाचं टेबल विसरलात. सासरा विचारतो की हे हजारा पोरगं घरात का, लोक विचारतील, आणि अमीर त्याला तोंडावर सांगतो की माझ्यासमोर त्याला पुन्हा हजारा पोरगं म्हणायचं नाही, त्याला नाव आहे. आयुष्यभर गप्प बसलेला माणूस सासऱ्यासमोर बोलतो. मला तिथे तो मोठा झालेला दिसला, काबूलमध्ये मार खाताना नाही.

मुलुंडची_वाचक
तो प्रसंग मलाही आवडतो, त्यासाठी पुस्तक पुन्हा वाचेन. पण दादा त्याच्या आधीची वाक्यं बघा. आधी तो बापाने नोकराच्या बायकोशी काय केलं ते सांगतो आणि हा माझा पुतण्या आहे म्हणतो, नावाचं त्यानंतर येतं. तिथेही पहिला दाखला रक्ताचाच दिला त्याने. अलीचा नातू म्हणून, हसनचा मुलगा म्हणून त्या टेबलावर बसायचा हक्क सोहराबला होता की नव्हता, एवढंच मला विचारायचंय, आणि याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.