मदत हवी आहे: ‘किंग ऑफ बँडिट जिंग’ बारा वर्षांच्या मुलाला दाखवावी का?

युइची कुमाकुरा यांच्या मांगावर (जपानी चित्रकथेवर) आधारित, २००२ साली आलेली ही १३ भागांची जपानी अॅनिमे (अॅनिमेशन) मालिका ज्यांनी पूर्ण पाहिली आहे, त्यांच्या मोकळ्या मतांची मला गरज आहे. जिंग हा पोरसवदा चोर आणि कीर हा त्याचा बोलका पक्षी अशक्य वाटणाऱ्या वस्तू पळवत एका विचित्र शहरातून दुसऱ्या शहरात जातात. त्यांतले घड्याळाच्या काट्यावर चालणारे शहर मला फार कल्पक वाटले.

माझ्या भाच्याला साहसकथा आवडतात. मात्र अनेक पात्रांना आणि स्थळांना मद्यांची नावे आहेत, शिवाय कीर दिसेल त्या तरुणीच्या मागे लागतो, (हा विनोद मला तरी लवकरच कंटाळवाणा झाला) म्हणून त्याच्या आईला शंका आहे. नायक चोर असल्याचे तिला तितकेसे खटकत नाही. आपल्या मुलांसोबत ही मालिका पाहिलेल्यांचा अनुभव काय आहे? कथा बहुतांशी सुट्या असल्यामुळे निवडक भागच दाखवले तर चालतील का, आणि तसे असल्यास कोणते वगळावेत? जिंगचेच २००४ सालचे तीन भागांचे ‘सेव्हन्थ हेवन’ मूळ मालिकेपेक्षा अधिक गडद आहे का, हेही कृपया कळवावे.